आगमनकाळात भरवशाचा पाया कसा खणायचा

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या कॅथलिक घरांत काय होतं हे वेगळं सांगायला नको. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वॉट्सअप ग्रुपवर गोठा (येशूजन्माचा देखावा) स्पर्धेचे नियम येतात, नेवऱ्या-कलकल कोण ऑर्डरने करून देतं त्याचे नंबर फिरायला लागतात, पोरं माळ्यावरून स्टार खाली काढून त्याची वायर तपासत बसतात आणि घरातली बाई दहा-बारा डिसेंबरलाच इतकी दमलेली असते की नाताळच्या रात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) तिचे डोळे उभ्या उभ्या मिटतात. यात वाईट काही नाही, कलकल करायला बसलेल्या बायकांच्या गप्पा मला तर प्रवचनापेक्षा जास्त आवडतात. पण चार रविवार एवढ्यातच गेले की नाताळ येतो आणि जातो, आणि जानेवारीत एखादी वाईट बातमी आली की आपण होतो तिथेच असतो.

म्हणून हे लिहितोय. देवावर भरवसा ठेवा असं सगळेच सांगतात, पण सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं हे फार कमी लोक सांगतात.

आधी थोडी माहिती, ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. पहिला रविवार 30 नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाच्या सगळ्यात जवळचा असतो, त्यामुळे हा काळ कधी 22 दिवसांचा भरतो तर कधी 28. फादर जांभळा झगा घालतात, रविवारच्या मिस्साला ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, आणि पहिले काही दिवस वाचनं बाळ येशूची नसतातच मुळी, जागे राहा, प्रभू पुन्हा येणार आहे अशी असतात. 17 डिसेंबरपासून मग नाताळकडे वळतात. म्हणजे हा काळ मुळात वाट बघण्याचा, आणि ज्याच्यावर भरवसा नाही त्याची वाट कोण बघत बसतं.

आता पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारची वाचनं बघा. आपले शेजारी मार्गशीर्षातले गुरुवार धरतात साधारण त्याच दिवसांत आपल्याकडे हे वाचन येतं, मला तो योगायोग आवडतो. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, 26 व्या अध्यायात म्हटलंय की प्रभूवर कायमचा भरवसा ठेवा, तो सनातन खडक आहे. आणि मत्तय 7 मध्ये येशू दोन घरांची गोष्ट सांगतो, एक खडकावरचं, एक वाळूवरचं. गोष्ट लहानपणापासून पाठ असल्यामुळे आपण दोन गोष्टी विसरतो. एक म्हणजे पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर आला, खडकावरचा माणूस भाविक आहे म्हणून त्याच्या गल्लीत ढग आलेच नाहीत असं काही नाही. जुलै 2018 ला वसई-विरारमध्ये पाणी भरलं, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लाइट गेली, तेव्हा पाण्याने कोण रोज मिस्साला जातं हे विचारलं नव्हतं. दुसरी म्हणजे दोघांनीही येशूचं ऐकलं होतं! फरक एवढाच की एकाने ऐकून केलं, दुसऱ्याने ऐकून सोडून दिलं. नुसतं प्रभूजी प्रभूजी म्हणून भागणार नाही हे वाक्य त्याच वाचनात वर आहे. आणि हीच गोष्ट लूक सांगतो तेव्हा एक बारीकसा तपशील घालतो, तो माणूस खोल खणत गेला आणि कातळ लागल्यावर त्याने पाया घातला. ज्याने कधी विहीर खणून घेतलीय किंवा घराचं जोतं बांधून घेतलंय त्याला कळेल की खणताना बघायला काही नसतं, फक्त खड्डा आणि मातीचा ढीग, आणि येणारा-जाणारा विचारतो घर कुठंय.

तर भरवसा म्हणजे छातीत भरून येणं नव्हे. ज्याच्यावर आपण वजन टाकतो त्याच्यावर आपला भरवसा असतो, बाकी सगळं तोंडाने म्हणायचं. इथून सुरुवात करू.

पहिल्या आठवड्यात एक कागद घ्या. मोबाइलमध्ये नको, कागदच घ्या, कारण मोबाइल उघडला की सेलची जाहिरात येते आणि मग झालंच. रात्री तीन वाजता जाग आली तर डोक्यात पहिलं काय येतं ते लिहा. लोनचा हप्ता, पोराचा कॅनडाचा व्हिसा, रिडेव्हलपमेंटला गेलेली बिल्डिंग आणि बंद झालेलं भाडं, आईचे रिपोर्ट, वाडी विकून आलेले पैसे जे बँकेत आहेत पण कमी कमी होतायत, लग्नाची राहिलेली मुलगी. जे असेल ते. देवाचं नाव लिहायची घाई करू नका, ते आपोआप वर येणार नाहीये, आलं तर बहुतेक आपण कोणाला तरी दाखवायला लिहितोय. मग प्रत्येकापुढे लिहा, हे उद्या गेलं तर माझं काय उरेल? ज्या ओळीपुढे पेन थांबतो, तिथे आपण घर बांधलंय.

इथे एक गैरसमज काढून टाकतो नाहीतर कोणीतरी मेडिक्लेम बंद करून बसेल. एफडी मोडा, इन्शुरन्स नको, डॉक्टर नको असं मी म्हणत नाहीये आणि शुभवर्तमानही म्हणत नाही. हप्ता भरायचाच. फक्त मी कोण आहे हे त्या हप्त्यावर ठरत नाही, एवढं रोज स्वतःला सांगायचं. कागद बायबलमध्ये घालून ठेवा, कोणाला दाखवू नका.

दुसरी गोष्ट, विचारायचं कधी. यासाठी यहूदाच्या आहाज राजाची गोष्ट नीट वाचा, यशयाचा सातवा अध्याय, त्यातला तुकडा 20 डिसेंबरच्या मिस्सालाही येतो. काळ इसवी सनापूर्वी 735 च्या आसपासचा. दमास्कसचा आणि शोमरोनचा राजा एकत्र येऊन यरुशलेमवर चालून येतायत, लोकांची मनं वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तशी हलली असं लिहिलंय. आणि राजा कुठे भेटतो? वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाला, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वेढा पडला तर पाणी पुरेल का हेच बघायला गेला असणार, म्हणजे माणूस काही निष्काळजी नव्हता. यशया तिथे जाऊन त्याला म्हणतो शांत राहा, भिऊ नको, विश्वासात ठाम राहिला नाहीत तर टिकणार नाही. वर देव म्हणतो हवं ते चिन्ह माग. यावर आहाज काय म्हणतो, मी मागणार नाही, मी प्रभूची परीक्षा पाहणार नाही!

किती भाविक उत्तर! पण दुसऱ्या राजांच्या पुस्तकात सोळाव्या अध्यायात बघा, याने मंदिरातलं सोनं-चांदी काढून अश्शूरच्या राजाला पाठवलं आणि मी तुमचा दास, येऊन मला वाचवा असा निरोप दिला. देवाला विचारलं असतं तर देवाने काहीतरी सांगितलं असतं, आणि मग ते करावं लागलं असतं, तेच तर नको होतं.

आपण रोज हेच करतो हो. नोकरी बदलायची, जागा घ्यायची, मुलीच्या स्थळाला होकार द्यायचा, सगळं आपलं ठरतं, सही होते, आणि मग फादरना बोलावून घर आशीर्वादित करून घेतो. म्हणून या चार आठवड्यांत एक करून बघा. एखादा निर्णय जो खरोखर अजून व्हायचाय, मोठाच हवा असं नाही, तो घेऊन सही करायच्या आधी देवासमोर बसा. दहा मिनिटं. नुसतं सांगा की हे असं आहे, मला याची भीती वाटते, मला हे हवंय, तू काय म्हणतोस. आकाशवाणी होणार नाही. पण दोन-तीन दिवस असं बसलं की मनात जी एक गोष्ट आपण मुद्दाम बघत नव्हतो ती दिसायला लागते, आणि बहुतेक वेळा तीच महत्त्वाची असते. मग जाणत्या माणसाशी बोला, फादर असतील, मोठी बहीण असेल, आणि मग ठरवा.

आता करण्याचा भाग, आणि इथे मला जास्त बोलायचंय, कारण आपण प्रार्थनेवर भरपूर बोलतो आणि पैशावर गप्प बसतो. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक यार्देन नदीवर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना उपास सांगत नाही, रोझरी तर तेव्हा नव्हतीच. तो म्हणतो दोन अंगरखे असतील त्याने नसलेल्याला एक द्यावा, जेवणाचंही तसंच. जकातदारांना म्हणतो ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो दमदाटी करून कोणाकडून पैसे काढू नका, आपल्या पगारात राहा. बघा ना, प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलंच सांगितलं, आणि कोणालाही धंदा सोड म्हणाला नाही. तर आपणही तेच विचारायचं, माझ्या धंद्यात काय? रिक्षा असेल तर रात्री अकराला स्टेशनवर उतरलेल्या बाईकडून दुप्पट मागायचं नाही. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर डिपॉझिट परत करताना उगाच रंगकामाच्या नावाने कापायचं नाही. ऑफिसात असाल तर ज्युनियरने केलेलं काम आपल्या नावावर पुढे पाठवायचं नाही. घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांचा पगार आणि बोनस 25 च्या आधी द्या, त्यांचा सण नसला तरी, आणि सुट्टी द्या, नाहीतर आपण गोठ्यात गरीब मेंढपाळ मांडायचे आणि मावशींनी 25 तारखेला आपली भांडी घासायची.

एकच धरा. पाच धरलीत तर एकही होणार नाही.

आणि देण्याचं म्हणाल तर रक्कम आगमनकाळाच्या सुरुवातीला ठरवा, शेवटी नाही. शेवटी जे उरतं ते द्यायचं ठरवलं की उरतच नाही, केकवाला आणि कपड्यांचं दुकान आधी पोचतात. पाकिटात काढून ठेवा. किती याचा माझा अंदाज सांगतो, थोडं टोचायला पाहिजे, दिल्यावर एखादी गोष्ट आपल्याला घेता आली नाही असं झालं पाहिजे. न टोचणाऱ्या देण्यातही दुसऱ्याचं पोट भरतंच, ते कमी नाही, पण आपलं वजन जागचं हलत नाही. पॅरिशमध्ये संत विन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर त्यांना माहीत असतं कुठल्या घरात खरी गरज आहे, त्यांच्याकडे द्या आणि नाव सांगू नका.

रोजची प्रार्थना यानंतर आली म्हणून रागावू नका. रोजच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे संत इग्नेशियसने शिकवलेली दिवसाची उजळणी, रात्री पंधरा मिनिटं पुरतात. आधी दिवसभरातल्या दोन-तीन गोष्टींसाठी धन्यवाद, नेमक्या गोष्टी हं, आज लोकलला बसायला मिळालं अशा. मग देवाकडे मागायचं की मला आजचा दिवस तुझ्या नजरेने बघू दे. मग सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस हळूहळू बघायचा, कुठे मोकळं वाटलं, कुठे मन आखडलं. चुकलं तिथे क्षमा मागायची. शेवटी उद्याचं एक काम त्याच्या हातात द्यायचं, नाव घेऊन, उद्या अकरा वाजता साहेबांबरोबर मीटिंग आहे ती तुझी. काही दिवसांनी दिसायला लागतं की आदल्या रात्री ज्याची धास्ती होती त्यातलं किती झालंच नाही, आणि जे झालं त्यात आपण एकटे नव्हतो. भरवसा असाच बसतो, कालच्या आठवणीवर. म्हणून जमलं तर एक ओळ वहीत लिहा.

घरात मुलं असतील तर आगमन चक्र करा, हिरव्या पानांचं गोल कडं आणि त्यावर चार रविवारच्या चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. याची सुरुवात 1839 ला जर्मनीत हॅम्बुर्गला झाली, योहान हिनरिश विकर्न नावाच्या पाळकाने अनाथ, गरीब मुलांसाठी आश्रम काढला होता, ती पोरं नाताळ कधी नाताळ कधी विचारून त्याला भंडावत होती म्हणून त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि रोजच्या छोट्या लाल. म्हणजे तीसुद्धा जांभळी नव्हती, तेव्हा दुकानात जांभळी मिळाली नाही म्हणून कोणी अडून बसू नका. हिरवाईला दारातल्या अशोकाची पानं चालतात, फक्त ती सुकतात, मेणबत्ती लावून किचनमध्ये जाऊ नका.

आता सगळ्यात अवघड. भावाशी बोलणं बंद आहे ना? किंवा जावेशी, किंवा बापाशी. आपल्याकडे घरटी एक तरी असतं, बहुतेक जमिनीवरून नाहीतर आईला कोणी बघितलं यावरून. नाताळच्या आधी कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जायचंच आहे, रांगा लागायच्या आत दुसऱ्या आठवड्यात जाऊन या, फादरांनाही निवांत ऐकता येतं. पण येशू मत्तय 5 मध्ये म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध असं नाही म्हणत तो, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध! म्हणजे माझी काही चूक नाही हे सांगून सुटका नाही.

कसं करायचं? फॉरवर्ड केलेला हॅपी ख्रिसमस पाठवून होत नाही, त्याला अंगठा येतो आणि पुढे काही नाही. 24 तारखेपर्यंत थांबू नका, सणाच्या दिवशी सगळे बघत असतात आणि माणूस ताठतो. मधल्या वारी, संध्याकाळी, एकट्याने जा. आधी फोन करा, अर्धा तास येतो म्हणून. बोलताना जमिनीचा विषय काढू नका, सातबारा, मोजणी, वकील काहीच नाही, ते भांडण वेगळं आहे आणि त्याला वेगळा दिवस लागेल. एवढंच म्हणा, आपलं बोलणं बंद आहे ते मला बरं वाटत नाही, मी बोलायला आलोय. मग गप्प बसा. समोरचा मागचं सगळं काढेल, काढू दे, मध्येच दुरुस्त करू नका, तारखा तर अजिबात नाही. चहा आला तर घ्या. नाही आला तरी मेरी ख्रिसमस म्हणून उठा. भरवसा इथे लागतो, कारण तो दार उघडेल की नाही हे आपल्या हातात नाही. आणि जिथे मारहाण झालीय, छळ झालाय, तिथे हे लागू नाही. तिथे लांब राहून प्रार्थना करणं हेच शहाणपण, कोणी बळजबरी करत असेल तर ऐकू नका.

कोणाचा यंदा भरवसाच बसत नसेल, घरात कोणी गेलंय, रिपोर्ट वाईट आलेत, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. आगमनकाळातली माणसं बघा कोण आहेत. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या, त्याचा विश्वास बसला नाही, योहानाचं नाव ठेवेपर्यंत त्याची वाचा गेली, तरी देवाने त्याला सोडलं नाही, मुलगा झालाच. मरियेने गाब्रिएल देवदूताला हो म्हणायच्या आधी हे कसं होईल असं विचारलं. आणि तोच योहान, नदीवर एवढा गर्जणारा, तुरुंगात पडल्यावर शिष्यांना पाठवून येशूला विचारतो, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघावी. येशू त्याला रागावत नाही. काय दिसतंय काय ऐकू येतंय ते जाऊन सांगा म्हणतो, आंधळे बघतात, लंगडे चालतात. तेव्हा ज्याला प्रार्थना जमत नाही त्याने स्तोत्र 13 उघडावं, ते सुरूच होतं किती वेळ, प्रभू, किती वेळ असं. एवढं म्हटलं तरी पुरे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरकडे जा, ते अविश्वासाचं लक्षण नाही. आणि आपण अशा घरी भेटायला जाणार असू तर कृपा करून देवाची इच्छा होती हे वाक्य घेऊन जाऊ नका, डबा घेऊन जा.

मराठीत भरवशाचं उदाहरण शोधायचं तर लांब जायला नको. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला ठेवल्या, शेकडो मुली, दौंडच्या अलीकडे तेव्हा माळरानच. एवढ्या तोंडांना रोज काय घालायचं हा प्रश्न रोजचा, आणि त्या देवावर हवाला ठेवून प्रार्थना करायच्या हे खरं, पण त्याच जागेत शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, मुली काम शिकत होत्या. त्या स्वतः 1922 ला जाईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर राबत होत्या. देव देईल म्हणून हात बांधून बसलेला माणूस मला भेटला की मी केडगावचं नाव काढतो.

राहिलं 17 डिसेंबरनंतरचं. खरेदी 16 पर्यंत संपवा, जे राहिलं ते राहिलं, यंदा पडदे जुनेच. गोठा मांडा पण गव्हाण रिकामी ठेवा, बाळ 24 च्या रात्रीच, मुलं कितीही मागे लागली तरी. शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी मत्तय 1 आणि लूक 1 थोडं थोडं वाचा आणि योसेफाकडे लक्ष द्या, चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही, त्याला स्वप्नात सांगितलं जातं आणि तो उठून करतो. धरलेलं जे एक काम होतं ते नाताळनंतरही सोडू नका, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ चालतोच, तोवर रेटलं की अंगवळणी पडतं.

आणि कॅलेंडर आत्ताच बघून ठेवा. नाताळ सोमवारी आला तर चौथा रविवार म्हणजेच 24 तारीख, 2023 ला तसं झालं आणि 2028 ला पुन्हा होणार, सकाळी चौथी मेणबत्ती आणि रात्री नाताळची मिस्सा. त्या वर्षी नेवऱ्या शनिवारीच तळून डब्यात भरा.